घोट्याएवढं पाणी

टाकव्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला एक दगडखाण आहे. ती बंद पडून काही वर्षं झाली. क्रशर उचलून नेला, ऑफिसची पत्र्याची खोली गेली, आणि मागे राहिला तो खड्डा अन् त्यात साठलेलं पाणी. लांबून ते पाणी हिरवंनिळं दिसायचं. रविवारी पुण्याहून मुलं यायची आणि त्याच्याकडे पाठ करून फोटो काढायची. जवळ गेल्यावर कळायचं की पाण्यावर दगडाच्या भुकटीची साय धरली आहे. त्यात म्हशीसुद्धा उतरत नव्हत्या.

खाण बंद झाली म्हणून तशीच टाकून जाता येत नाही. साठलेल्या पाण्याला वाट काढून द्यावी लागते, कडे ढासळणार नाहीत असे करावे लागतात आणि जमेल तेवढी जमीन पुन्हा वापरता येईल अशी करून मूळ मालकाला परत द्यावी लागते. खाण चालवणाऱ्यांनी हे काम आमच्या छोट्या इंजिनिअरिंग ऑफिसला दिलं. ऑफिसने ते माझ्याकडे दिलं, कारण मी घोरावाडीला राहते आणि तिथून लोकलने कान्ह्याला उतरून टाकव्याला जाणं इतरांपेक्षा मला सोपं होतं. दुसरं काही कारण असेल असं मला वाटत नाही.

मी कमी बोलते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची होती. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण ती मराठी आईबाबांपुरती आहे. अनोळखी मोठ्या माणसांशी बोलायचं झालं की मी वाक्य आधी मनात जुळवते, आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे निघून गेलेला असतो. लोकांना तो शिष्टपणा वाटतो. मी तो समज कधी दूर केला नाही. शिष्ट माणसाला फार प्रश्न विचारत नाहीत.

मे महिन्यात खाणीतलं पाणी उपसायला घेतलं. सगळं उपसायचं नव्हतं. खोल भाग तळं म्हणूनच राहणार होता, भोवती कुंपण घालून. वरच्या बाजूला मात्र एक रुंद, उथळ पायरी होती. तिथपर्यंत पाणी चढलेलं होतं. ते खाली उतरवायचं, पायरी भरून काढायची आणि ती जमीन परत द्यायची, असा आराखडा होता. उपसलेलं पाणी थेट ओढ्यात सोडलं असतं तर खालच्या गावात पांढरं पाणी गेलं असतं. म्हणून ते आधी एका लहान खड्ड्यात निवळू द्यायचं आणि मग ओढ्यात सोडायचं. काम संथ होतं. मला संथ कामं आवडतात.

पंपावर कामशेतकडचे एक भाऊ होते. पंपाशी ते माझ्यापेक्षा जास्त बोलायचे. मी एकदा काठावर उभी राहून पाण्याकडे बराच वेळ बघत होते, तर म्हणाले, "मॅडम, खानीकडं बघून पानी उतरत न्हाई. पंपाकडं बघा. त्याला जरा बरं वाटतं."

मी हसले. पण आवाज न करता, त्यामुळे त्यांना ते कळलं नसावं.

पायरीची जमीन ज्यांची होती त्या मावशी तिसऱ्या की चौथ्या दिवशी आल्या. साठीच्या असाव्यात. हातात चहाची किटली, डोक्यावर पदर, पायात मुलाचे जुने बूट. काठावर उभं राहून त्यांनी समोर बोट केलं.

"माजं खाचर तितं व्हतं."

त्यांचं बोट जिथे रोखलेलं होतं तिथे हवा होती. जमीन तिच्याखाली चांगली पुरुषभर तरी कापून नेलेली होती. पण त्यांचं बोट हललं नाही, अगदी एका उंचीवर राहिलं. बांध कुठून कुठे होता ते त्यांनी मला हवेतच दाखवलं.

खाचर म्हणजे भाताचा तुकडा, चारी बाजूंनी बांध घातलेला, पाणी धरून ठेवणारा. मावशींच्या यजमानांनी ती जमीन खाणीला भाड्याने दिली, तेव्हा मावशींना कुणी विचारलं नव्हतं. आता यजमान नव्हते आणि जमीन परत यायची होती. पण ती परत घेऊन करायचं काय, यावर घरात एकमत नव्हतं. मुलगा टाकव्याच्याच एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होता. संध्याकाळी तो मोटरसायकलवरून यायचा, हेल्मेट न काढता काठावर उभा राहायचा. एकदा माझ्यासमोरच आईला म्हणाला, "यंदा हितं भात हुबं राह्यलं तर राहूदे. मी काय म्हनणार न्हाई. न्हाईतर फार्महाऊसवाला थांबलाय, त्याला देऊन टाकू. दगडावर नांगर कोन धरणार, आई? तू?"

"व्हय, मी," मावशी म्हणाल्या.

"गुडघे बघ आधी."

तो वाईट माणूस वाटला नाही. लागोपाठ रात्रपाळ्या चाललेल्या, डोळे लाल झालेले. खरंच दगडावर नांगर धरायचा तर तो त्यालाच धरावा लागणार होता.

मुलगा गेल्यावर मावशींनी किटलीच्या झाकणात मला चहा ओतून दिला आणि विचारलं, "पानी थांबंल का हितं?"

"बघू," मी म्हणाले.

"बघू म्हनणारी मानसं मला ठावं हायती. लग्नात मान कुनाला द्यायचा, तेव्हा पन समदी बघूच म्हंत व्हती."

पंपावरून भाऊ ओरडले, "मावशी, मॅडमला तरास देऊ नका, त्या इंग्लिशमदी विचार करत्यात. जरा टाइम लागतो."

ते खरं होतं. मी त्या वेळी खरोखर इंग्रजीतच विचार करत होते. कॉलेजात पाण्याबद्दल मी जे शिकले ते सगळं पाणी थांबू नये म्हणून काय करायचं याबद्दल होतं. भराव घातलेल्या जमिनीला उतार द्यायचा, पाणी पटकन बाहेर काढायचं, ते मुरू द्यायचं नाही, साठू द्यायचं नाही. आराखड्यातही तसाच उतार काढलेला होता. आणि मावशींना नेमकं उलटं हवं होतं. त्यांना पावसाळाभर उभं राहणारं पाणी हवं होतं, तेही एका खोल खड्ड्याच्या काठावर, नव्या भरावावर.

मी दोन दिवस त्यावर विचार केला आणि मग आमच्या सरांना फोन केला. फोनवर मला थोडं बरं बोलता येतं, समोर कुणी नसतं. सरांनी आधी भराव किती जाड येणार ते विचारलं. मग म्हणाले, "सपाट कर. पण भराव नीट दाबून घे, वर चिकणमातीचा थर दे आणि बांधातून पाणी जायला पाइप ठेव. एका उंचीच्या वर पाणी चढता कामा नये. नवा बांध आहे, खाली खड्डा आहे. तो भिजला तर बसेल."

काम तसंच केलं. आधी खाणीतलाच टाकाऊ दगड, त्यावर मुरूम, त्यावर रोलर फिरवून पुन्हा मुरूम, मग चिकणमाती. सगळ्यात वर टाकायला माती तिथेच होती. खाण सुरू करताना वरची काळी माती खरवडून एका बाजूला लोटून ठेवली होती. त्या ढिगावर घाणेरी माजली होती. जेसीबीने ढीग उकरला तेव्हा मावशी खाली बसून मूठभर माती चोळून बघायला लागल्या.

"ही माजीच."

"मातीवर नाव हाय का, मावशी?" भाऊंनी विचारलं.

"हाय. तुला वाचता येत न्हाई."

माती पसरून झाल्यावर त्या रोज येऊन तिच्यातले दगड वेचायच्या. शेजारच्या पट्टीत त्यांनी आधीच पालापाचोळा जाळून राब भाजून ठेवला होता, म्हणजे त्यांच्या बाजूने निर्णय कधीच झालेला होता. पाऊस पडला की राखेत भात पेरायचं, रोपं आली की ती उपटून या खाचरात लावायची. खाचर तयार होईल की नाही हे मलाच माहीत नव्हतं, आणि त्यांची रोपांची जागा तयार होती.

बांध पुरा झाला तेव्हा मी त्यांना पाइप दाखवला. घोटा बुडेल एवढ्या पाण्यापर्यंत काही होणार नव्हतं. त्याच्या वरचं पाणी पाइपातून दगडी चरात आणि चरातून ओढ्याला जाणार होतं.

"मावशी, पाणी इथवर. त्याच्यावर गेलं की या पाइपातून जाऊ द्यायचं. पाइप बंद करायचा नाही."

"न्हाई करत. इतकं कळतं मला, पोरी."

मला वाटलं होतं की का बंद करायचा नाही तेही सांगेन. वाक्य जुळवत होते. तेवढ्यात त्या उठून दगड वेचायला लागल्या.

जुलैत लावणी झाली. चिखल झाला, हे माझ्यासाठी मोठं होतं, कारण चिखल झाला म्हणजे माती पाणी धरत होती. पाच-सहा बायका प्लास्टिकचे कागद अंगावर घेऊन ओळीने वाकल्या होत्या. मी बांधावर छत्री घेऊन उभी होते. त्यांच्यातल्या एकीने मान वर न करता विचारलं, "मॅडम, उतरता का? का नेलपालिस जाईल?"

दुसरी म्हणाली, "अगं, त्यांना फोटो काढायचा असंल."

मी नेलपॉलिश लावत नाही. फोटोही काढत नव्हते. पण असं काही तरी तिथल्या तिथे म्हणायला मला कधी सुचत नाही. मी नुसती छत्री दुसऱ्या हातात घेतली. मावशी मात्र कुणाशी बोलत नव्हत्या. एका कोपऱ्यातून त्या मागे मागे सरकत येत होत्या आणि त्यांच्या समोर हिरव्या रेषा उमटत होत्या. मे महिन्यात हवेत दाखवलेला कोपरा तोच होता.

त्यानंतर पावसाने थोडी उघडीप दिली. मी दुसऱ्या कामासाठी कुसगावला जात होते. टाकव्याला आठवडाभर जाणं झालं नाही. भाऊंनी फोनवर सांगितलं की खाचरातलं पाणी जरा कमी दिसतंय, मावशी येरझारा घालतायत. नव्या जमिनीत सुरुवातीला पाणी थोडं जिरणारच, मला त्याचं काही वाटलं नाही. मग पुन्हा जोराचा पाऊस लागला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथे पोचले.

मावशी बांधावर उभ्या होत्या. अंगावर कागद, चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं आणि त्या हसत होत्या. त्यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मुलगाही होता, मोटरसायकल उभी करून आलेला.

"बघ पोरी, थांबलं का न्हाई पानी? गुडघ्याला आलं बघ. आन् हा म्हनत व्हता दगड हाय!"

खाचर काठोकाठ भरलेलं होतं. रोपांचे नुसते शेंडे वर दिसत होते. मी पाइपाकडे बघितलं. त्याच्या तोंडात खताचं रिकामं पोतं कोंबलेलं होतं, वर दगड, वर गवतासकट मातीचं ढेकूळ, नीट थापून बसवलेलं. आयुष्यभर पावसाळ्यात खाचरातून बाहेर पडणारं पाणी दिसलं की जे करायचं, ते त्यांनी केलं होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. त्या मला ते कौतुकानेच दाखवत होत्या.

मी बांधाच्या पलीकडे, खाणीच्या बाजूला गेले. तिथे बांधाला घाम आल्यासारखं पाणी सुटलं होतं. एका ठिकाणाहून ते गढूळ येत होतं, म्हणजे आतली माती घेऊन येत होतं. वरच्या कडेला एक बारीक भेग होती, कोपऱ्यापासून सुरू झालेली. खाली तळं होतं.

मी परत वर आले. "मावशी, पाइप उघडावा लागेल."

पावसात त्यांना ऐकू गेलं नाही. किंवा माझा आवाज तेवढाच होता. मी पुन्हा म्हणाले. या वेळी त्यांना ऐकू गेलं आणि हसू गेलं.

"इतक्या वर्सांनी पानी थांबलंय हितं, आन् तू सोड म्हंतीस?"

"सगळं नाही. वरचं."

"आन् परत ऊन पडलं मंग? गेल्या आठवड्यात कुटं व्हतीस तू? चिखल फुटाया आलता हितं!"

मुलगा म्हणाला, "आई, सोडायला लागतं तर ठिवलंच कशाला? म्हनजे शेवटी हितं भात व्हनार न्हाईच ना, मॅडम? सरळ सांगा."

दोघेही माझ्याकडे बघत होते. "बघू" हा शब्द तोंडात आला होता. भेग सुरू झालेल्या कोपऱ्यात मातीचा एक तुकडा सुटून खाली गेला आणि पाण्यात पडल्याचा आवाज आला.

मी ओरडले. मला माझाच आवाज ओळखू आला नाही. "भात होणार! पण बांध गेला तर सगळं खाचर खाली जाणार, माती, रोपं, सगळं! तुम्ही दोघं आधी त्या कोपऱ्यातून मागे व्हा!"

ते मागे झाले. भाऊ पंपाच्या शेडमधून धावत आले. माझी छत्री कुठे गेली कोण जाणे. मी बुटांसकट खाचरात उतरले आणि पाइपाशी बसून ढेकूळ काढायला लागले. मावशी आल्या, मला कोपराने बाजूला सारलं आणि स्वतः हात घातला. "एकदम न्हाई. रोपं व्हाऊन जातील."

"एकदम नकोच," मी म्हणाले. "बांधालाही एकदम नको."

आम्ही दोघी आळीपाळीने एकेक दगड काढत होतो. पोतं त्यांनी शेवटपर्यंत पूर्ण काढलं नाही, नुसतं थोडं थोडं ओढत राहिल्या. चरातून पाणी वाजत जायला लागलं. भाऊ आणि मुलगा शेडमधली वाळूची पोती आणून लांबूनच कोपऱ्यात टाकत होते. तरी तो कोपरा गेला. मोठा आवाज झाला नाही. खाटेएवढा तुकडा हळूच मान टाकल्यासारखा खाली बसला आणि त्याच्यावरची हिरवी रोपं काही क्षण तळ्यावर तरंगत राहिली. मावशींनी तिकडे बघितलं. पाइपातला हात काढला नाही.

पाणी घोट्यापर्यंत उतरलं तेव्हा झिरपणं थांबत आलं होतं. बाकीचा बांध उभा राहिला.

त्यानंतर काही दिवस मी गेले की किटली येत नव्हती. मावशी यायच्या, बांधावरून फिरायच्या, पाइपात डोकावायच्या आणि माझ्याशी न बोलता जायच्या. कोपरा आम्ही दगडाने नीट रचून घेतला. तिथे पुन्हा लावायला रोपं उरली नव्हती. भाऊ म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी तुमचा आवाज पार टाकव्यात गेलता. मी म्हनलं, कंपनीचा भोंगा झाला का काय." मग हळू आवाजात म्हणाले, "त्यांना पानी गेल्याचं दुख न्हाई. परत जाईल याचं भ्या हाय."

पाइप बंद का करायचा नाही हे मी त्यांना सांगितलं होतं, निदान ओरडून तरी. पण पाऊस थांबला तर काय, या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं. नवी जमीन जुन्या खाचरासारखं पाणी धरून ठेवणार नव्हती, निदान पहिली काही वर्षं तरी. त्यांची भीती रास्त होती. आणि त्याच खाचराच्या खाली एक अख्खं तळं भरलेलं होतं, ज्याची पातळी मला तशीही कमीच ठेवायची होती. पावसाळ्यात भुकटी तळाला बसली होती, पाणी आता स्वच्छ होतं. मी ते बाटलीत भरून तपासायला दिलं. ते पिकाला चालेल असं कळल्यावर सरांना विचारलं. सर म्हणाले, "पंप आहेच तिथे. तोंड फक्त उलटं कर, ओढ्याऐवजी खाचराकडे."

हे मी मावशींना सांगायला त्यांच्या घरी गेले. वाक्यं रिक्षात जुळवली होती. ओट्यावर मुलगा शिफ्टला निघण्याआधी जेवत होता. मी सगळं एका दमात सांगितलं, मध्ये थांबले असते तर राहिलं असतं.

मावशींनी मुलाच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मग आत वळून म्हणाल्या, "चहा ठेव गं." आत सून होती.

गणपती झाले आणि नेमका भाताच्या ओंब्या बाहेर पडायच्या वेळी पाऊस गेला. मी कान्ह्याला उतरून पोचले तेव्हा मुलगा खाणीच्या रस्त्याने वर येत होता. खांद्यावर पाइपाचं जाडजूड भेंडोळं होतं. भाऊ खाली पंपाशी होते. मुलाने कंपनीचे बूट काढून बांधावर नीट जोडीने ठेवले, पँट दुमडली आणि पाइपाचं तोंड धरून खाचराच्या कडेला उभा राहिला. पाणी आलं तेव्हा त्याच्या अंगावरच आलं. भाऊ खालून हसले.

"किती सोडायचं, मॅडम?" त्याने विचारलं.

"घोट्याएवढं. तुमचाच घोटा धरा."

तो पायाकडे बघत उभा राहिला. मध्येच खिशातला फोन वाजला. ओल्या हाताने त्याने तो काढला, नाव बघितलं आणि कानाला लावला. "न्हाई, यंदा जमीन द्यायला न्हाई जमत," म्हणाला. "अहो, पीक हुबं हाय हितं." पलीकडचा माणूस आणखी काही बोलत होता. मुलगा थोडा वेळ ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "आत्ता ठेवतो. पानी देतोय." फोन खिशात टाकताना त्याचं पायाकडचं लक्ष सुटलं असावं.

कारण मावशी किटली घेऊन येताना लांबूनच ओरडायला लागल्या, किटली हिंदकळत, "अरं बंद कर, बंद कर! घोट्याच्या वर गेलं पानी, दिसत न्हाई का तुला? भाऊ, पंप बंद करा! बांध बसंल माजा!"